पावसाच्या नळाची जबानी

मंगळवार, दिनांक १४ मार्च २००६ रोजी, सकाळी दहा वाजता, लंडनच्या वायव्येस पिनर येथील एका घराच्या परसात माझ्या मुखात वाटीभर हिरवा रंग ओतण्यात आला. त्या रंगाने काय सिद्ध केले हे सांगण्याआधी मी कोण, हे सांगणे क्रमाला धरून होईल.

मित्रांनो, मी एक जुना खापरी नळ आहे. महायुद्धात घरे गमावलेल्या माणसांसाठी ही वसाहत बांधली गेली, तेव्हा, म्हणजे १९५१ साली, मला जमिनीखाली पुरले. माझी माती चांगली होती, भट्टी कडक होती आणि अंगावर मिठाची झिलई होती. पुरण्यापूर्वी निरीक्षकाने माझ्यावर हातोडी हलकेच आपटून पाहिली. मी घंटेसारखा वाजलो. "उत्तम," तो म्हणाला. आयुष्यात माझी स्तुती झाली ती तेवढीच.

माझे काम नीट समजून घ्या, कारण पुढचा अनर्थ ते न समजल्यामुळे झाला. येथे प्रत्येक घराखाली दोन नळ असतात. एक मैल्याचा; संडास, न्हाणीघर आणि स्वयंपाकघर यांचे पाणी तो शुद्धीकरण केंद्राकडे नेतो. दुसरा पावसाचा, छपरावरचे पाणी तो थेट ओढ्यात सोडतो. मी दुसरा. माझ्या वाटेत गाळणी नाही आणि केंद्रही नाही. माझे मुख परसात आहे, शेवट ओढ्यात आहे, आणि या दोन्ही टोकांशी माणसे जे बोलतात ते मला ऐकू येते. कोणी म्हणेल, मग नळाने घाण नाकारली का नाही? नाकारायला लागते ते झाकण मला कोणी बसवले नव्हते, एवढेच माझे उत्तर आहे.

पंचवीस वर्षे मी निव्वळ पाऊस वाहिला. मग डॉक्टर शशिधर यांनी हे घर घेतले. ते इस्पितळात जंतुशास्त्राचे काम करीत. पत्नी सुप्रभाबाईंना भांडी घासायला, पाय धुवायला मोरी हवी होती. म्हणून डॉक्टरांनी माझ्या मुखाभोवती विटांचा बुटका कठडा बांधून वर नळाची तोटी बसवली.

"पाणी जातंय ना?" त्यांनी बादली ओतून पाहिली. "मग झालं!"

दिवसभर सूक्ष्मदर्शकात जंतू पाहणाऱ्या या माणसाने पाणी कोठे जाते हे विचारले नाही. माझा त्यांच्याविरुद्धचा आरोप एवढाच आहे, आणि तो लहान नाही.

२००३ साली डॉक्टरांच्या आई, लीलावतीबाई, अंथरुणाला खिळल्या. त्यांची मळलेली लुगडी आणि चादरी सुप्रभाबाई मोरीवर खळबळून काढीत, जानेवारीच्या थंडीतसुद्धा, तीन पाण्यांतून.

"हे असंच मशीनमध्ये घालू? आपले कपडे असतात तिथे?" त्या स्वतःशीच पुटपुटत.

घर आरशासारखे लख्ख होते. ती तिन्ही पाणी मात्र मी ओढ्यात नेत होतो.

ओढा बालशाळेच्या कुंपणाजवळून वाहतो. रबरी बूट घालून मुले त्यात उतरत. २००५च्या उन्हाळ्यात चार मुले आजारी पडली. एक मुलगी तीन आठवडे इस्पितळात होती. कौन्सिलने, म्हणजे इथल्या नगरपालिकेने, ठरवले: मार्चअखेर घाणीचा उगम सापडून पाणी सुधारले नाही, तर ओढा काँक्रीटच्या नळात कोंडून वरून माती टाकायची.

निवृत्त झालेले डॉक्टर पेटून उठले. "मुलांना वाहतं पाणी दिसलं पाहिजे," ते म्हणत. "पाणी एकदा झाकलं, की त्यात काय सोडतोय ते बघायला कोण जातंय?" मुद्दा बिनतोड होता. त्यांनी कौन्सिलला अकरा पत्रे लिहिली आणि 'बेजबाबदार' शेजाऱ्यांना प्रत्येकी एक.

कौन्सिलची माणसे दोनदा घरे तपासून गेली. डॉक्टरांचा संडास, न्हाणीघर, स्वयंपाकघर सगळे बिनचूक निघाले. मोरीकडे पाहून त्यांना वाटले, कुंड्या धुण्याची जागा असेल. तिसऱ्या वेळी आरोग्य अधिकारी म्हणून नताली आली.

"डॉक्टर, हा मोरी आहे ना?"

"तुम्हाला मराठी येतं?"

"ममा मुंबईची. आम्ही बेने इस्रायल, मराठी ज्यू. माझं मराठी फनी आहे, हसू नका. आजीकडे पण होता असा. ती त्यात सगळं धुवायची. सगळं." मग ती सुप्रभाबाईंकडे वळली. "आंटी, तुम्ही इथे काय धुता?"

सुप्रभाबाईंनी पदराला हात पुसले. "सासूबाईंचं."

"सुप्रभा! मला बोलली नाहीस?"

"तुम्ही विचारलंत कधी? शेजाऱ्यांना बरी पत्रं लिहिलीत. टाईप करून!"

नतालीने रंग ओतला, तोटी सोडली. नऊ मिनिटांनी ओढ्यावरच्या सहकाऱ्याचा तिला फोन आला. पाणी हिरवे झाले होते. डॉक्टर कठड्यावर बसले.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी मोरी सिमेंटने बुजवली; छपराच्या पाण्यापुरते माझे मुख तेवढे उघडे ठेवले. ओढ्यातले जंतू निम्म्यावर आले, तरी ते मर्यादेच्या दुप्पट होते. नतालीने घरोघरी तसाच रंग ओतला तेव्हा उघड झाले: आणखी बावीस घरांनी वाढीव बांधकाम करताना मशिनी, बेसिने आणि एका ठिकाणी तर संडासही पावसाच्या नळांना जोडला होता. डॉक्टर दारोदार गेले. परसाच्या कुंपणापाशी शेजारच्या जेरेमीने त्यांचेच पत्र त्यांच्यापुढे धरले.

"यात मला बेजबाबदार म्हटलंय. आधी माफी मागा."

डॉक्टरांनी माफी मागितली. जेरेमी आत निघून गेला आणि त्याने दार लावून घेतले. बावीसांपैकी तिघांनीच जोडणी बदलली. मार्च संपला.

मित्रांनो, अशा कथेच्या शेवटी विनवणी करण्याची रीत आहे, म्हणून करतो. पाणी ओतण्यापूर्वी ते कोठे जाते हे विचारा. घर स्वच्छ ठेवणाऱ्या, कष्टाळू, मायाळू माणसांनी ते विचारले नाही, आणि त्याची किंमत दुसऱ्याच्या लेकरांनी भरली. या विनवणीचा उपयोग होईल, असे मला वाटत नाही. माझ्या आत कॅमेरा घालून पाहिले, तेव्हा चौदा भेगा आणि झाडांची मुळे दिसली. मला दुरुस्त करावे, असेही कोणी म्हणाले नाही.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात डॉक्टर ओढ्याकाठी नतालीला भेटले.

"अजून एक महिना द्या. मी प्रत्येक दारात पुन्हा जातो."

"तुम्ही गेलात, डॉक्टर. मला माहीत आहे. महिना देऊन काही होणार नाही. ओढा मेलाय. सोमवारी बुजवणार."