वरून भरलेला ताजा बर्फ

मित्रांनो, नाक मुरडू नका. मी एक जुनी थर्माकोलची पेटी आहे, आणि माझ्या अंगाला मासळीचा वास येतो तो काही आजचा नाही. कारखान्यातून निघाले तेव्हा मी पांढरीशुभ्र होते. औषधाच्या बाटल्या घेऊन सावली गावाला आले, दुकानदाराने मला रिकामं करून फेकलं, आणि मासे विकणाऱ्या इस्तारी ढिवरांनी उचलून सायकलच्या कॅरिअरला बांधलं. तेव्हापासून बर्फ आणि मासे, झालं माझं आयुष्य!

इस्तारीभाऊंचा एक शिरस्ता होता. वाटेत बर्फ वितळला की बाजाराच्या तोंडाशी थांबायचं, पाणी ओतून द्यायचं आणि वरून ताजा बर्फ भरायचा. गिऱ्हाइकाने झाकण उघडलं की बर्फच दिसला पाहिजे. यात लबाडी नव्हती बरं का. मासे त्याच सकाळचे असत आणि सगळेच तसं करत.

त्यांची मुलगी जया नागपूरला पेशींवर संशोधन करायची. आपल्या पेशींत प्रथिनं असतात. ती जुनी झाली, बिघडली की पेशी स्वतःच ती मोडून टाकतात. आमच्या गावाबाहेरची बोडी, म्हणजे लहानसं तळं, उन्हाळ्यात आटते, तरी मरळ मासा चिखलात उपाशी जिवंत राहतो. तो या मोडतोडीवरच जगतो का, हे जयाला शोधायचं होतं. लहानपणी बापासोबत चिखलात हात घालून तिने मरळी काढल्या होत्या, म्हणून तर तिला हे सुचलं.

तुलनेसाठी पाण्यातल्या मरळीचे नमुने तिने आधीच नेले होते. चिखलातल्या मरळीचे तुकडे तिने बारक्या नळ्यांत भरून माझ्यात बर्फात ठेवले आणि मशीन तयार करायला ती पुढे नागपूरला गेली. फक्त थंड राहू द्या, एवढंच तिने बापाला बजावलं.

भाऊ मला मांडीवर घेऊन बसमध्ये बसले. मे महिना. नागभीडच्या पुढे बस बंद पडली ती दुपारभर. माझ्यातल्या बर्फाचं पाणी झालं आणि ते पाणीही कोमट झालं. मला तोंड असतं तर बोंब ठोकली असती! नागपूरला उतरल्यावर भाऊंनी शिरस्त्याप्रमाणे पाणी ओतलं, ताजा बर्फ भरला. जयाने झाकण उघडलं तेव्हा मी बर्फाने गच्च भरलेली होते, त्यामुळे उशीर झाला तरी तिला शंका आली नाही.

चिखलातल्या मरळीची प्रथिनं भराभर मोडलेली दिसली. जयाचा पेपर मोठ्या नियतकालिकात छापून आला. देशोदेशीचे शास्त्रज्ञ आपल्या लेखांत त्याचं नाव घेऊ लागले. याला साइटेशन म्हणतात, आणि ती जितकी जास्त तितका मान मोठा. जयाला नोकरी लागली. मलाही मान मिळाला. मासे बंद झाले आणि भाऊंनी मला घासूनपुसून माळ्यावर ठेवलं.

पण इतर शास्त्रज्ञांच्या मरळीत ते काही दिसेना. ते आता चूक दाखवायला तिचं नाव घेऊ लागले. आकडा वाढत होता आणि कारण शोधता शोधता पोरगी वाळत चालली होती. गावाला काय, आकडाच कळायचा. समाजाच्या मंडळाने तिचा सत्कार ठेवला. टेबलावर मी, मला झेंडूचा हार! भाऊ बोलायला उभे राहिले.

"बस बंद पडली, बर्फाचा पानी झाला. आता पोरीच्या हाती पानी देऊ का मी? उतरल्याबरोबर ताजा बर्फ भरला अन् मंगच तिले पेटी देली."

टाळ्या पडल्या. जयाने टाळी वाजवली नाही. तिने माझ्याकडे पाहिलं, मग बापाकडे. बाप हसत होता.

त्या संध्याकाळी माळ्याखाली बसून तिने आईला, भागीरथाबाईंना, सगळं सांगितलं. नमुने वाटेतच खराब झाले होते. तिने जे मोजलं ते सडणं होतं. पेपर ती मागे घेणार होती आणि चूक स्वतःची लिहिणार होती. बाबांना कळू द्यायचं नाही, अशी तिने आईला शपथ घातली.

"नाई सांगत," बाई म्हणाल्या. "जित्तेपनी मरतीन ते."

पेपर मागे घेतला गेला. नोकरी गेली. जया आता गोंडपिपरीला शिकवणीवर्ग घेते, आणि नोकरी का सोडली म्हणून भाऊ अजून तिच्यावर रुसतात. पण मित्रांनो, मागे घेतलेल्या पेपरचंही लोक नाव घेतच राहतात. कुणी चूक दाखवायला, कुणी न वाचताच. बिघडलेलं मोडून टाकणं पेशीला जमतं. तो पेपर काही मोडत नाही. मीही सडत नाही. माझं दुर्दैव.

तुमच्या हाती कधी कुणी काही थंड जपायला दिलं आणि वाटेत त्याचं पाणी झालं, तर पाणीच दाखवा. माझी एवढीच विनवणी आहे. तिला पाणी दिसलं असतं तर ती नवे नमुने घ्यायला पुन्हा बोडीवर आली असती.

रविवारी जया घरी येते. भाऊ मला माळ्यावरून उतरवतात आणि विचारतात, "किती झाले वं आता, नाव घेनारे?"

"वाढून राह्यले, बाबा," ती म्हणते.

मग ते खुशीत फडकं घेतात आणि मला पुन्हा पुसायला लागतात.