मुनिमाची साडेतीन मिनिटं

"काका, हा मुनीम फितूर का होतो?" पुतणीने तिसऱ्यांदा विचारलं आणि माझं डोकं फिरलं.

पोरगी कॉलेजात सिनेमा शिकवते. आली होती वेगळ्याच कामाला. तिच्या बापाचं, म्हणजे माझ्या धाकट्या भावाचं, सोमवारी हृदयाचं ऑपरेशन होतं आणि त्याला मला भेटायचं होतं. मी साफ नाही म्हटलं. नऊ वर्षं आमचं बोलणं नाही. सिनेमाच्या थिएटरात मी मशीन चालवणारा ऑपरेटर, तो मॅनेजर. त्याने मालकाचे कान भरून मला केबिनमधून काढलं. माझी जागा हवी होती त्याला, दुसरं काय!

पोरगी रुसून गेली नाही. उद्याच्या तासाचा जुना गुंडांचा सिनेमा माझ्यासमोरच लावून बसली. त्यात डॉनचा उजवा हात असलेला मुनीम वैऱ्याला पत्ता देतो आणि डॉन मरतो.

"पैशासाठी," मी म्हटलं. "गद्दाराला आणखी काय लागतं?"

"मग नोटांची पिशवी टेबलावर टाकून का जातो? गणित बसत नाही, काका."

आली का पंचाईत! ते गणित मीच बिघडवलं होतं. हा सिनेमा आमच्याकडे लागला तेव्हा मालकाला दिवसाला पाच खेळ हवे होते आणि वेळ पुरेना. मी सहाव्या रिळाला कात्री लावली. डॉन मुनिमाच्या भावाचा बळी देणार असतो आणि मुनीम दाराआडून ते ऐकतो, एवढाच सीन. ना गाणं, ना मारामारी. साडेतीन मिनिटं उडवली, कुणी हूं की चूं केलं नाही. पुढे तीच प्रत सगळीकडे फिरली आणि हिच्याकडे होती ती तिचीच नक्कल.

हे सगळं तिला सांगून टाकलं. "म्हणजे लोकांनी त्याला उगाच शिव्या घातल्या," ती म्हणाली आणि चहा ठेवायला उठली.

टेबलावर राहिलेली ती पिशवी मात्र माझ्या डोळ्यांपुढून हलेना. भावाने माझी जागा घेतली होती का? छे. मला काढल्यावर आठ दिवसांत त्यानेही थिएटर सोडलं आणि एका दुकानात कापड मोजत उभा राहिला. नऊ वर्षं हे मला ठाऊक होतं! रागाच्या भरात कधी विचारच केला नाही. चहा तसाच टाकून मी चपला घातल्या.

भाऊ घरी पलंगावर पडला होता. "भांडायला आलास, दादा?"

"विचारायला आलोय. का केलंस तसं?"

त्याने बाही वर सारली. मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचा व्रण होता.

"मशीन चालू ठेवून तुला डुलकी लागायची. दोनदा फिल्म पेटली. दुसऱ्यांदा या हाताने विझवली, तरी तू खुर्चीत घोरतच होतास. जळका तुकडा कापला, जोड दिला, तुला कळू दिलं नाही. पण तिसऱ्यांदा मी तिथे नसतो तर?"

"मला का नाही सांगितलंस, गाढवा?"

"आपल्या हातून एकदाही चूक झाली नाही, असं गावभर सांगत फिरायचास. तुझ्या तोंडावर कसं सांगू?"

"मग माझ्या जागेवर तू का नाही बसलास?"

"तुझी खुर्ची होती ती."

मी त्याचा तो हात धरला आणि हमसून हमसून रडलो. माझंच चुकलं रे, एवढंच परत परत म्हणत राहिलो.

तो माझ्या पाठीवर थोपटत म्हणाला, "अरे दादा, ऑपरेशन माझं आहे."