एका कुत्रीचे दोन नंबर

मित्रांनो, मी एक जुना स्कॅनर आहे आणि माझा कुणावर चटकन विश्वास बसत नाही. परदेशातून येणाऱ्या प्राण्यांची विमानतळावर तपासणी होते, त्या खोलीत माझं आयुष्य गेलं. प्राण्याच्या कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी चिप असते. मानेवरून मला फिरवलं की तिचा नंबर माझ्या काचेवर उमटतो. तो कागदांशी जुळला, लसीच्या तारखाही बरोबर असल्या, तरच प्राण्याला देशात प्रवेश.

माणसं काय काय करतात! एकाने मेलेल्या मांजराचे कागद दुसऱ्याच मांजराला चिकटवले होते. मीच त्याला उघडं पाडलं. "हा कधी खोटं बोलत नाही," तपासणाऱ्या डॉक्टरीणबाई माझं कौतुक करायच्या.

एकदा एक आजोबा आले. मुलीकडे कायमचे राहायला आलेले. सोबत पांढऱ्या तोंडाची म्हातारी कुत्री. मानेवरचा नंबर जुळला. तरी आजोबा पट्टा घट्ट धरून माझ्याकडेच बघत होते. बाईंना ते खटकलं. जुनी चिप कधी कधी मानेवरून सरकते, म्हणून त्यांनी मला खांद्यापर्यंत नेलं. मी पुन्हा वाजलो. दुसराच नंबर!

"आजोबा, एका कुत्रीत दोन चिपा?"

"मशीन जुनं झालंय तुमचं."

मला भारी राग आला. बाईंनी नंबर संगणकावर शोधला. नऊ वर्षांपूर्वी हरवलेली कुत्री, खाली मालकिणीचा फोन.

आजोबा कुत्रीजवळ खाली बसले. "नका लावू फोन. ही रस्त्यात सापडली, तेव्हाच डॉक्टरांकडून मला चिपचं कळलं होतं. बायको नुकतीच गेली होती हो. मग दुसऱ्या डॉक्टरकडून माझ्या नावाची नवी बसवून घेतली."

बाईंनी फोन लावलाच. कुत्री सापडल्याचं सांगून त्यांनी तो स्पीकरवर टाकला. मग पलीकडून आवाज आला, "चिंगे?"

कुत्री ताडकन उठली. टेबलाखाली बघून आली, दाराची फट हुंगली. तिथे कुणीच नव्हतं.

"तेरा वर्षांची झाली असेल ती," मालकीण म्हणाली. "आता तिला घर बदलायला लावू नका. पण आजोबा, एक फोन तरी करायचा होतात."

बाईंनी दोन्ही नंबर कागदावर लिहिले आणि शिक्का मारला.

आता नवं यंत्र आलंय, मी कपाटात पडून असतो. माझा संशय खरा ठरला, पण जिंकल्यासारखं काही वाटलं नाही. मित्रांनो, हरवलेला जीव सापडला, तर त्याला खाऊ घाला, ऊब द्या. पण आधी चिप तपासून घ्या. नंबर निघाला, तर फोन लावा. रडत रडत का होईना, लावा.