मेयोनेजमधली चिमूट

धाकट्याच्या हातातलं बसचं स्टिअरिंग गेलं ते त्याच्या ताईमुळे, आणि हे फक्त ताईलाच ठाऊक होतं.

डॉक्टरांनी बजावलं होतं: पाव, बटाटा, गोड सगळं बंद. रक्तातली साखर उतरली नाही, तर बस चालवायची नाही. उकडलेली अंडी आणि कच्चा कोबी बघून भाऊ तोंड वाकडं करायचा, म्हणून ताईने घरीच मेयोनेज करायला घेतलं. अंड्याचा बलक, मोहरी, व्हिनेगर आणि तेल अगदी थेंबाथेंबाने. घाई केली की फाटलंच म्हणून समजा. मनगट भरून येईपर्यंत फेटून तिने ते वाढलं, तर साहेब म्हणाले, "आंबटढाण आहे."

दुसऱ्या दिवशी तिने चिमूटभर साखर टाकली. वाडगा चाटूनपुसून लख्ख झाला. आईच्या माघारी वाढवलेलं पोर पोटभर जेवतंय म्हटल्यावर बहिणीचं डोकं कशाला चालतंय! चिमटीचा चमचा झाला, चमच्याची पळी झाली, आणि एवढ्याने काय होतंय, असं ती मनाला समजावत राहिली.

व्हायचं ते झालंच. तपासणीत साखर वाढलेली निघाली आणि त्याला डेपोच्या फाटकावर बसवलं. घरी आलेल्या सोबत्यांनी चोरून काय खातोस म्हणून त्याची टर उडवली.

"पावाच्या तुकड्याला शिवलो नाही. ताईला विचारा."

चोराच्या मनात चांदणं. ताई भांडी घासायला वळली.

ते गेल्यावर तो तिच्याजवळ आला. "माझंच काहीतरी चुकत असेल गं. तू एवढं मनगट मोडून करतेस, आणि मला गुण येत नाही."

ताईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो ओरडला असता तर तिने सोसलं असतं. पण आपल्या हातचं तो पुन्हा विश्वासाने खाईल का, या भीतीने तिची जीभ उचलेना.

दुसऱ्या दिवशी तिने साखरेचा डबा उघडलाच नाही. भावाने कोबीचं पान मेयोनेजमध्ये बुडवलं, तोंडात घातलं आणि चावता चावता थांबला.

"आज काय घालायचं विसरलीस?"

मीठ म्हणाली असती, तर निभावून गेलं असतं.

"विसरले नाही," ताई म्हणाली. "आज साखर घातली नाही. रोज घालत होते."

तो वाडग्याकडे बघत राहिला. मग त्याने ते आंबटढाण मेयोनेज बोटाने निपटून संपवलं. तिच्याकडे मात्र एकदाही पाहिलं नाही.