पत्र्याखालचं तापमान

मी आळशी नाही, हे आधीच सांगते. आळशी मुलीने रकाने कोरे ठेवले असते. मी ते भरले, सुवाच्य अक्षरात भरले, आणि तिथेच माती खाल्ली.

आमच्या झाशीच्या शाळेत दुसरीचा वर्ग पत्र्याच्या शेडमध्ये भरतो. उन्हाळा दरवर्षी आणखी चढतोय. एप्रिलमध्ये ती मुलं डोक्यावर ओले रुमाल घेऊन पाढे म्हणतात. पोस्टरं रंगवून आम्ही कंटाळलो होतो, म्हणून पर्यावरण मंडळातर्फे एकच मागणी केली: पत्र्याला पांढरा चुना लावा, शेड थोडी तरी थंड राहील. प्रिन्सिपल मॅडम म्हणाल्या, "भाषण नहीं, आँकड़े लाओ. महीने का औसत चवालीस से ऊपर गया, तो चूना पुतवा दूँगी."

ठरलं. रोज दुपारी बाराला शेडमधलं तापमान घ्यायचं; एक दिवस मी, एक दिवस नववीतली आभा. आभा जवळच्या टहरौली गावची, इथे मामाकडे राहते. बोलते इतकं हळू की हजेरीसुद्धा दोनदा द्यावी लागते.

थर्मामीटर माझ्या बाबांनी आणून दिला. बाबा रेल्वेत, रुळांच्या देखभालीवर. उन्हात रूळ तापून वाकतो, म्हणून त्यांची माणसं रुळाचं तापमान घेऊन वहीत मांडतात. बाबा म्हणाले, "स्वरदा, एखाद्या दिवशी राहिलं तर रकाना कोरा ठेव. कोऱ्या रकान्यासाठी बोलणी बसतात, खोट्यावरून गाडी जाते." मी हो हो म्हटलं. बाबांची प्रत्येक गोष्ट शेवटी रुळावरच येते.

पहिल्या दिवशी डबा खायचा राहिला होता आणि शेड मैदानाच्या पार टोकाला. गेले नाही. घरी आईच्या फोनमध्ये दुपारचं तापमान बघितलं आणि लिहिलं: चाळीस. पुढच्या पाळीला गेले नाही, कारण आता आधीच्या आकड्याशी जुळायला हवं होतं. मग एकदाही गेले नाही. फोनमधलं तापमान सावलीतलं असतं, तापलेल्या पत्र्याखालचं नव्हे. रुळावरच्या माणसाच्या मुलीला एवढं कळू नये? कळत होतं. म्हणून तर आता लाज वाटते.

महिनाअखेरीस मॅडमनी वही उघडली. आभाचे आकडे पंचेचाळीस, सेहेचाळीस. माझे चाळीस, एक्केचाळीस. सरासरी चव्वेचाळीसच्या खाली.

"एक ही कमरा, एक ही थर्मामीटर, और पाँच डिग्री का फ़र्क?" मॅडम आभाकडे वळल्या. "चूना लगवाने के लिए आँकड़े बढ़ा दिए? स्वरदा को देखो. इसके पापा का तो काम ही यही है."

आभा मान खाली घालून उभी राहिली. मीही उठायला हवं होतं. तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखी बसून राहिले. चुना नामंजूर झाला.

शाळा सुटल्यावर आभा फाटकापाशी थांबली होती. आता ही भांडणार, असं वाटलं. भांडली असती तर फार बरं झालं असतं.

"हमने झूठ नईं लिखो, दीदी," ती म्हणाली. "पर शायद देखना नहीं आता मुझे. आप सिखा दोगी?"

मला तिच्याकडे बघवेना. तिथेच, रिक्षांच्या गर्दीत, मी सगळं सांगून टाकलं. तिने दप्तराचा पट्टा खांद्यावर सरकवला. मग म्हणाली, "कल मैडम को बता देना." एवढंच.

दुसऱ्या दिवशी मोठ्या वर्गांच्या मधल्या सुट्टीत आम्ही दोघी गेलो. मी सांगितलं. मला वाटलं होतं, माझे आकडे खोडतील आणि आभाचे राहतील. मॅडमनी लाल पेनाने सगळ्या पानांवर आडवी रेघ मारली, माझ्या आकड्यांवर आणि तिच्याही.

"अब मैं किसका सच मानूँ? अगले साल फिर से लेना."

आभाचे बारा खरे आकडे. ती प्रत्येक पाळीला त्या उन्हातून गेली होती. मी रडले, पण माझ्या रडण्याने रेघ पुसली जाणार नव्हती.

बाहेर आल्यावर आभाने दप्तरातून थर्मामीटर काढून माझ्या हातात ठेवला.

"बारह बज रहे हैं, दीदी. आज आपकी बारी है."

त्या दिवशी मी पहिल्यांदा शेडमध्ये पाय ठेवला. पारा स्थिर होईपर्यंत पाच मिनिटं उभं राहायचं होतं. दोन मिनिटांत मला भोवळ आली आणि मी दाराबाहेर पळाले. दुसरीची मुलं आत तेराचा पाढा म्हणत होती.