निळ्या वर्तुळातली विहीर

वाळवंटातल्या बंद खाणींचा जुना नकाशा आमच्या खात्यात लोखंडी कपाटात आडवा पडून असे. त्याची झेरॉक्स घेऊन सर्वेक्षणाची तुकडी गेली, तिच्यात ताईंचा धाकटा भाऊही होता. ताई म्हणजे नकाशे सांभाळणाऱ्या. भाऊ म्हणजे घरात ज्याला कुणी काही सांभाळायला देत नाही, असा.

सकाळी वायरलेसवर, म्हणजे माझ्याकडे, निरोप आला: ट्रक बंद पडलाय, पाण्याचा शेवटचा कॅन उरलाय, पण काळजी नसावी. नकाशात जवळच विहीर आहे, तिकडे चालत निघालोय. आमच्या साहेबांनी यावर नकाशाशास्त्राचं कौतुक केलं. विहीर किती लांब ते बघायला ताईंनी मूळ नकाशा पसरला.

विहिरीभोवती फिकट निळ्या पेन्सिलीचं वर्तुळ होतं. शेजारी बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'खाणीचं विष झिरपलंय, पिऊ नये.' आमच्याकडे दुरुस्त्या निळ्या पेन्सिलीनेच करायची पद्धत, कारण फिकट निळा रंग छपाईच्या कॅमेऱ्याला दिसत नाही आणि नकाशा कसा स्वच्छ राहतो. झेरॉक्सही स्वच्छच निघाली होती.

साहेबांचं म्हणणं पडलं की खात्याने छापलेली विहीर तोंडी रद्द करता येत नाही. आधी टिपण, मग मंजुरी. ताई माझ्या खोलीत शिरल्या आणि त्यांनी आतून कडी लावली. मी वायरलेसवर तुकडीला हाका मारत राहिलो. नुसती खरखर. साहेब दार ठोठावत होते, पण पदाला शोभेल इतपतच.

शेवटी भावाचा आवाज आला. "ताई, पोचलो गं. पाणी काय नितळ आहे. शेवाळाचा ठिपका नाही."

"प्यायलास?"

"कुठलं. आमच्या तुकडीच्या मोठ्या साहेबांच्या आधी कोण पिणार? त्यांच्या पायाला फोड आलेत, मागून लंगडत येतायत. बादली भरून बसलोय."

"ओतून टाक ती."

"झालं तुझं सुरू."

"बाळ्या, विष आहे त्यात. ओत, मला आवाज ऐकू दे."

बादलीचा खडखडाट झाला. मग दगडावर पाणी आपटल्याचा आवाज, आणि मागून कुणीतरी त्याला घातलेली सणसणीत शिवी.

ताईंनी कॅनमधलं घोटघोट पुरवून प्यायला आणि सावली सोडून न हलायला बजावलं. मग कडी काढली. मदतीला निघालेल्या पाण्याच्या टँकरच्या ड्रायव्हरने वाटेसाठी नकाशाची झेरॉक्स मागितली. ताईंनी मूळ नकाशा गुंडाळून काखेत मारला आणि साहेबांच्या देखत त्याच्या शेजारी जाऊन बसल्या.