फळीअलीकडचा घोडा

बोलतोय तो घोडाच आहे, खात्री बाळगा. माझे कान पाहून काहीजण दुसरंच काही म्हणतात, तिकडे लक्ष देऊ नका.

मी पैदाशीच्या तबेल्यात कामाला आहे. तिथे छातीइतकी उंच, गादी ठोकलेली एक फळी आहे. फळीपलीकडे घोडी आणतात, अलीकडे मला. मी मान लांबवून विचारपूस करायची. तिने कान मागे पाडून लाथ घातली तर नकार. शांत उभी राहून शेपटी बाजूला घेतली तर होकार. होकार आला की मला बाहेर काढतात आणि खानदानी घोड्याला, काळ्याला, आत आणतात. काळ्याचे आजोबा-पणजोबा भिंतीवर चौकटीत टांगलेत. माझे आजोबा कोण, हे मलाही कुणी सांगितलेलं नाही. लाथा मला, लग्न त्याचं.

तबेल्याचा मालक दादा होता तोवर हे सगळं मुकाट चालायचं. तो फळीशी उभा राहून घोडीचे कान बघत बसायचा. त्याचा धाकटा भाऊ तबेल्यात यायचा तो फक्त दादाला जेवायला बोलवायला.

मग दादा तीन दिवसांच्या तापात गेला, आणि धाकटा त्याचे बूट घालून कामावर आला. बूट दोन बोटं मोठे. चालताना फटक-फटक वाजायचे. आवाजाने सगळ्या घोड्या कान टवकारायच्या, आणि दादा नाही हे पाहून परत गवतात तोंड घालायच्या. ते त्याला दिसायचं.

दादाच्या लाडक्या तांबडीचं वय झालं होतं. डॉक्टर म्हणाले, "या खेपेला गाभण राहिली तर राहिली. पुढे आशा धरू नका."

"दादाच्या तांबडीला काळ्याचं शिंगरू होणार म्हणजे होणार!" धाकट्याने जाहीर केलं. तांबडीला विचारायचं राहून गेलं.

दुसऱ्याच दिवशी तिने फळीवर अशी लाथ घातली की माझे दात वाजले.

"लाजतेय," धाकटा म्हणाला.

"लाजतेय?" दारातून वहिनी म्हणाली. दादाची बायको. घोड्यांतलं तिला डॉक्टरांइतकं कळतं. "भावजी, मुलीने थोबाडीत मारली तर तुम्ही लग्नाची तारीख काढणार का?"

"वेळ नाहीये, वहिनी!"

"थांबा जरा. तुमचे दादा चार-चार दिवस नुसते बघत राहायचे."

"दादा नाहीये ना आता!"

असं ओरडून त्याने काळ्याला आत सोडलं. तांबडीने काळ्याच्या गुडघ्यावर जी हाणली, ती चौकटीतल्या पणजोबांनाही लागली असेल. डॉक्टरांनी पट्टी बांधली आणि महिनाभर हलवायचं नाही म्हणून बजावलं. धाकटा माझ्या गव्हाणीत, हो, गव्हाणीतच बसून रडला. खारट गवत मी निमूट खाल्लं. नोकरीच तशी.

चौथ्या दिवशी मला परत फळीशी आणलं. आज धाकट्याच्या पायात त्याचे स्वतःचे बूट होते आणि तोंड बंद होतं. तो तांबडीचे कान बघत होता. ती पुढे आली, फळीला टेकली, शेपटी बाजूला घेऊन उभी राहिली.

"आता हो म्हणतेय," तो हळूच म्हणाला. पहिल्यांदाच बरोबर.

मी सवयीने बाहेर जायला वळलो. दोर ताणला गेला, पण धाकटा हलेना.

"काळा लंगडतोय, वहिनी. आणि दादाला तर..."

"त्यांना तांबडीचं शिंगरू हवं होतं," वहिनी म्हणाली. "काळ्याचा हट्ट तुमचा."

धाकट्याने माझ्याकडे पाहिलं. इतकी वर्षं सगळ्यांनी माझ्या पलीकडे पाहिलं होतं. मग त्याने फळीची कडी काढली.

पुढचं मी सांगणार नाही. मी घोडा आहे, माणूस नाही.

अकरा महिन्यांनी तांबडी व्याली. शिंगरू रंगाने आईवर गेलंय. कानांबद्दल काय बोलणार!

बाप झालो म्हणून सुट्टी मिळत नाही. आजही मी फळीअलीकडेच आहे, आजही लाथा खातोय. तुम्ही घोडे पाळायला शिकणार असाल तर एक विनंती आहे. चौकटी नंतर बघा, आधी फळीशी थोडे उभे राहा.

पाहुणे येतात, शिंगराकडे बघून तोंड दाबून हसतात. "याचा बाप कोण?" असं काळ्याच्या चौकटींकडे बघत विचारतात. धाकटा मला दोराने पुढे आणतो, मानेवर हात ठेवतो.

"हा," तो म्हणतो. "हसू नका. आमचा दादा आधी कानच बघायचा."